खंडेरायाचे वाघ्ये आणि धनगराचा कुत्रा

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूर तालुक्यांत अणदूर आणि नळदुर्ग हीं दोन गांवें एकमेकांच्या शेजारीं आहेत, आणि या दोन गांवांनीं खंडोबाचा सहवास वांटून घेतला आहे. वर्षांतील बहुतेक काळ देव अणदुरास राहतो. उरलेले सुमारें दोन महिने तो नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास मुक्कामास जातो. पौष पौर्णिमेस मैलारपुरीं मोठी यात्रा भरते. भंडाऱ्यानें वाट पिवळी होते, येळकोटाचा गजर उठतो, आणि दूरदूरचे धनगर आपापल्या काठ्या घेऊन देवाच्या पायांशीं येतात.

खंडोबाच्या उपासनेंत वाघ्या नांवाचा भक्त असतो. गळ्यांत भंडाऱ्याची पिशवी, ती पूर्वीं वाघाच्या कातड्याची असे, आणि हातांत कोटंबा, म्हणजे देवाच्या नांवानें भिक्षा घेण्याचें पात्र. हा वाघ्या स्वतःस देवाचा कुत्रा म्हणवितो. जेजुरीपासून थेट कर्नाटकांतील मैलारापर्यंत या भक्तांची एक जुनी चाल अनेक अभ्यासकांनीं नोंदविली आहे: विशिष्ट दिवशीं ते देवापुढें कुत्र्याप्रमाणें भुंकतात, आणि पात्रांत वाढलेलें अन्न हात न लावतां तोंडानें खातात. शहरांतून आलेल्या पाहुण्यास हें पाहून प्रथम हंसूं येतें, मग संकोच वाटतो. मराठींत ‘कुत्रा’ ही शिवी आहे. मग एका धडधाकट, कुटुंबवत्सल माणसानें चारचौघांत तें नांव कां मिरवावें?

ग्रंथांत याचें उत्तर शोधूं जातां दोन्ही बाजूंचे दाखले मिळतात. ऋग्वेदांत पणींनीं लपविलेल्या गाई शोधून काढणारी सरमा ही देवशुनी आहे. महाभारताच्या अखेरीस धर्मराज कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकावयास तयार नाहीं. दत्तात्रेयाच्या चित्रांतील चार श्वान हे चार वेद मानले जातात. दुसऱ्या बाजूस धर्मशास्त्रांनीं कुत्र्याचा स्पर्श विटाळाचा मानला. परंतु वाघ्या हा शास्त्र वाचून वाघ्या झालेला नाहीं. त्याच्या भक्तीचा अर्थ पोथीपेक्षां बालाघाटाच्या माळावर, मेंढवाड्यांत अधिक लवकर सांपडतो.

धनगराचें जीवन मेंढरांवर, आणि मेंढरांचें जीवन कुत्र्यावर. रात्रीं वाघर लावून मेंढरें आंत घेतलीं कीं कुत्रा बाहेर पडून राहतो. या भागांत लांडगा आजही आहे. धाराशिवजवळच्या येडशी-रामलिंगाच्या डोंगरांना तर आतां अभयारण्याचें संरक्षण मिळालें आहे. युरोपांतील चित्रांत दिसणारा मेंढपाळी कुत्रा मेंढरें वळवितो, हांकतो, एकत्र करतो. दख्खनी धनगराचा कुत्रा हें काम फारसें करीत नाहीं. तो राखण करतो. हा भेद लहान दिसला तरी स्वभावाच्या मुळाशीं जाणारा आहे. हांकणारा कुत्रा शिकारी लांडग्याचीच विद्या अर्धवट वापरतो: टक लावणें, दबा धरणें, पाठलाग करणें, फक्त शेवटचा चावा तेवढा वर्ज्य. राखणाऱ्या कुत्र्यांत मात्र पाठलागाची ही ओढच मंद असावी लागते, नाहींतर कुंपणानेंच शेत खाल्लें असें व्हावयाचें.

हें साधतें कसें? पिलूं डोळे उघडून चालूं लागलें कीं तें कोंकरांच्या संगतींतच वाढतें. अमेरिकेंत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांचें निरीक्षण करून इ. स. १९६५ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असें दाखविलें आहे कीं, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या ओळखीपाळखीचा काळ होय. या अवधींत ज्यांचा सहवास घडेल ते त्याला आपले वाटतात. ज्यांचा घडणार नाहीं त्यांविषयीं पुढें भय राहतें. धनगरानें हा ग्रंथ वाचलेला नाहीं, पण पिलूं केव्हां कळपांत सोडावें हें त्याला आजोबापणजोबांपासून ठाऊक आहे. उलट शहरांतील घरीं पुष्कळदां काय होतें? पिलूं तीन महिने माडीवर कोंडून ठेवतात, आणि मग तें टपालवाल्याच्या अंगावर धांवतें, फटाक्यांच्या आवाजानें पलंगाखालीं दडतें, म्हणून त्याला मार मिळतो. लसी पूर्ण होईपर्यंत पिलूं रस्त्यावरच्या घाणींत सोडूं नये हें खरें. पण कडेवर घेऊन त्याला माणसें, मुलें, वाहनें, वाजंत्री दाखविण्यास कोणाची हरकत आहे?

कुत्र्याची भाषा ओळखावयास मराठी माणसाला परक्या कोशाची गरज पडूं नये. आपल्या वाक्प्रचारांतच ती सांठविलेली आहे. शेपूट घालणें म्हणजे भिणें, कान टवकारणें म्हणजे सावध होणें, गोंडा घोळणें म्हणजे लाडीगोडी लावणें. गुरगुरणें, केकाटणें, विव्हळणें, भुंकणें या चार क्रियापदांनीं चार निरनिराळे आवाज आणि चार निरनिराळ्या मनःस्थिति दाखविल्या जातात. ज्यांनीं हे शब्द घडविले त्यांनीं कुत्र्याकडे बारकाईनें पाहिलें होतें यांत शंका नाहीं. मात्र एके ठिकाणीं ही भाषा आपणांस चकविते. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूष, असें सरसकट समजलें जातें. ढिली, रुंद, कमरेसकट हलणारी शेपूट आनंदाची. पण ताठ उभारून वरच्यावर थरथरणारी शेपूट ही इशाऱ्याची असते. इ. स. २००७ मध्यें इटलींतील संशोधकांनीं तर असें दाखविलें कीं, धनी दिसतांच कुत्र्याची शेपूट त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूस अधिक झुकते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसतांच डाव्या बाजूस.

गुरगुरण्याविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण घरांतील लहान मुलांचा तींत संबंध येतो. कुत्रा गुरगुरला कीं त्याला दटावून गप्प करण्याची चाल आहे. वस्तुतः गुरगुरणें ही त्याची सभ्यता होय. चावण्यापूर्वीं तो दिलेली सूचना आहे. ती सूचना देण्याची संवय मारून मोडली, तर पुढें तो सूचना न देतांच चावतो. त्यापूर्वींही तो कितीतरी लहान खुणा करीत असतो: तोंड फिरवितो, नाक चाटतो, झोंप आलेली नसतां जांभई देतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दाखवितो. जेवणाऱ्या किंवा निजलेल्या कुत्र्याच्या अंगाशीं मुलास जाऊं देऊं नये, हा नियम धनगराच्या वाड्यांतील पोरही जाणतें.

आतां धनगराच्या कुत्र्याच्या खाण्याकडे वळावें. त्याला मिळते ती भाकरी, ताक, क्वचित् मेलेल्या मेंढराचा वांटा. मांसाहारी प्राण्यानें ज्वारीच्या भाकरीवर कसें जगावें, याचें कोडें इ. स. २०१३ मध्यें स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं बरेंचसें उलगडलें. पिष्टमय पदार्थ पचविणारा जो पाचक रस, त्याच्या जनुकाच्या लांडग्यांत सामान्यतः दोन प्रती असतात. कुत्र्यांत त्या त्याहून कितीतरी अधिक आढळल्या. माणूस शेती करूं लागला तेव्हां त्याच्या उंबऱ्याशीं बसलेल्या या प्राण्याचें पोटही हळूहळू शेतकऱ्याचें झालें. म्हणून भाकरी कुत्र्याला अपायकारक नाहीं. पण नुसती भाकरी पुरेशीही नाहीं. तिच्या जोडीस अंडें, मांस किंवा तत्सम सकस अन्न हवेंच. कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे आणि चॉकलेट हीं मात्र त्याला विषासमान. शिजविलेलीं हाडें फुटून आंतड्यांत रुततात. घाम येऊन थंड होण्याची सोय त्याला जवळजवळ नाहीं, तो धापा टाकूनच उष्णता घालवितो. तेव्हां मराठवाड्याच्या वैशाखांत भर दुपारीं त्याला डांबरी रस्त्यावरून फिरविणें हा निव्वळ निर्दयपणा होय. पावसाळ्यांत गोचिडी वेंचून काढणें हें काम कंटाळवाणें खरें. परंतु गोचिडीमुळें येणाऱ्या तापानें चांगलीं धडधाकट जनावरें दगावतात.

आजारी कुत्र्याची शुश्रूषा ही कांहीं आजच्या श्रीमंतीची टूम नव्हे. जर्मनींत बॉनजवळ ओबरकासेल येथें इ. स. १९१४ मध्यें एक पुरुष, एक स्त्री आणि एक लहान कुत्रा यांचीं हाडें एकत्र पुरलेलीं सांपडलीं. तीं सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. त्या पिलाच्या दांतांची तपासणी इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत त्याला जीवघेणा आजार, बहुधा डिस्टेंपर, झाला असतांही तें कित्येक आठवडे जगलें होतें असें निष्पन्न झालें. पाणी पाजणारें, ऊब देणारें कोणी असल्यावांचून हें शक्य नव्हतें. शिकारीच्या कामीं त्या पिलाचा कवडीचा उपयोग नव्हता.

याच स्नेहाची काळी बाजू म्हणजे पिसाळणें. पाश्चरनें इ. स. १८८५ मध्यें लस शोधली, हिंदुस्थानांत इ. स. १९०० मध्यें कसौलीस आणि १९०७ मध्यें कुन्नुरास संस्था निघाल्या. परंतु त्या काळीं निजामी मुलखांतील एखाद्या खेड्यांत पिसाळलेला कुत्रा चावला तर कोठें कसौली आणि कोठें कुन्नूर! पुढें कसौलीस सेंपल या डॉक्टरानें मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटांत सुयांमागून सुया टोंचून घेण्याची जी भीति जुन्या पिढीच्या मनांत घर करून आहे, ती या लशीची. या शतकाच्या आरंभीं ती लस आपल्या देशांत बंद झाली. आतांची लस दंडावर टोंचतात आणि ती अधिक निर्धोक आहे. मात्र रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय जवळजवळ नाहींच, हें आजही तितकेंच खरें आहे. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्यानें आणि साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद, चुना, मिरची कांहीं भरूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. घरच्या कुत्र्यास दरसाल लस देण्याचा कंटाळा करणारा मनुष्य शेजाऱ्याच्या मुलाशीं खेळ करीत असतो.

धनगराच्या कुत्र्याप्रमाणें राजाच्या कुत्र्याचाही इतिहास या प्रदेशास लाभला आहे. उमरग्याच्या पूर्वेस लागूनच कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तेथील तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या करमणुकी सांगतांना एक प्रकरणच सारमेयविनोदाचें, म्हणजे कुत्र्यांच्या शिकारीचें आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादून छापला. राज्यकारभार, पाकशास्त्र आणि संगीत यांच्या पंक्तीला कुत्र्याला बसविणारा हा राजा रसिक खराच. तथापि त्याचा रस शिकारीपुरता होता. या धांवत्या, सडपातळ शिकारी कुत्र्यांची परंपरा दख्खनेंत पुढेंही टिकली. मुधोळचे मालोजीराव घोरपडे यांनीं ती जोपासली आणि एक जोडी विलायतेस पांचव्या जॉर्ज बादशहास नजर केली. महाराष्ट्रांत या जातीस कारवानी म्हणतात. इ. स. २००५ मध्यें तिला टपालाच्या तिकिटावर स्थान मिळालें.

स्वामिभक्त कुत्र्याची कथा म्हटली कीं महाराष्ट्रांत रायगडावरचा वाघ्या आठवतो. तो पुतळा विसाव्या शतकांतील आहे, आणि शिवकालीन कागदांत अशा कुत्र्याचा उल्लेख आढळत नाहीं असें अनेक इतिहासकारांचें मत आहे. या प्रश्नावर अलीकडे बरीच आग पाखडली गेली. त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. कारण निर्विवाद पुरावा असलेला कुत्रा दख्खनच्या इतिहासांत दुसरा एक आहे, आणि त्याला मात्र कोणी विचारीत नाहीं.

इ. स. ९४९ च्या सुमारास राष्ट्रकूट सम्राट् तिसरा कृष्ण याची राजधानी मान्यखेट, म्हणजे धाराशिवाच्या आग्नेयेस असलेलें मळखेड, येथें होती. त्यानें तक्कोलमच्या रणांत चोळांचा पराभव केला. त्या युद्धांत त्याचा साहाय्यकर्ता गंगराजा बूतुग याच्या पदरीं मणलेर नांवाचा वीर होता. त्याच्या शौर्यावर प्रसन्न होऊन राजानें ‘हवें तें माग’ म्हटलें. मणलेरानें गांव मागितलें नाहीं, सोनें मागितलें नाहीं. त्यानें राजाची काळी नांवाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढें काळी एका प्रचंड रानडुकराशीं झुंजली, आणि दोन्ही जनावरें एकमेकांस मारून जागच्या जागीं मेलीं. मणलेरानें कर्नाटकांतील आतकूर येथें चल्लेश्वराच्या देवळापुढें शिळा उभारली. तिच्यावर कुत्री आणि डुकराची झुंज कोरलेली आहे, आणि भोंवतीं हा सारा वृत्तांत आहे. वीरगळ माणसांसाठीं उभारतात. धाराशिवकडेही ते गांवोगांव, बहुधा शेंदूर फांसलेले, दिसतात. हा मात्र एका कुत्रीचा वीरगळ.

त्या शिळेच्या पूजेसाठीं जमीन तोडून दिली होती, आणि एक अटही कोरली होती: ज्या गोरवाकडे ही जमीन असेल त्यानें शिळेची पूजा केल्याशिवाय जेवूं नये, जेवल्यास त्याला पातक लागेल. गोरव म्हणजे शैव पुजारी. कर्नाटकांत मैलाराच्या भक्तांना आजही गोरव किंवा गोरवप्पा म्हणतात. मराठी मुलखांत जो वाघ्या, तोच तिकडे गोरव, आणि तोही देवाचा कुत्रा होऊन भुंकतो. त्या दहाव्या शतकांतील गोरवाचा आणि आजच्या गोरवाचा धागा सलग जोडून दाखवितां येत नाहीं. शब्द मात्र एकच आहे, आणि एका टोंकाला कुत्रीची पूजा करणारा तर दुसऱ्या टोंकाला स्वतःच कुत्रा होणारा भक्त उभा आहे. जो रात्रभर जागतो, दारांत पडून राहतो, मिळेल तें खातो आणि धन्याचा आवाज हजारांत ओळखतो, त्याला जवळून पाहिलेल्या लोकांनीं तें नांव घेतलें. तो शिवी म्हणून त्यांच्या कानीं पडतच नव्हता.

आतकूरची शिळा पुढें बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत नेण्यांत आली. तेथें ती नीट जपली आहे. तिच्यापुढें आतां गोरव येत नाहीं, आणि काळीच्या पूजेवांचून कोणाचें जेवणही अडत नाहीं.