वंश आणि नागरिकत्व

आमेरच्या महालात उभे राहिले म्हणजे आम्हां मराठी मंडळींस जगन्नाथ सम्राटांचे स्मरण होते. १७२७ साली जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या या महाराष्ट्रीय पंडिताने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. अशा पंडितांच्या घरी देशांतरी जन्मलेल्या मुलाचे मूळ गोत्र आणि शाखा यांवरून ओळखले जाई. त्यास राजमुद्रा लागत नसे. मात्र गोत्र बापाचेच!

आधुनिक राज्यास कागद लागतो. आपल्या घटनेच्या आठव्या कलमाने परदेशस्थ भारतीयांसाठी आई, बाप, आजा, आजी यांपैकी कोणाचाही अविभक्त भारतातील जन्म ग्राह्य धरला. वकिलातीत नोंदणी तेवढी हवी. परंतु १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने परदेशी जन्मणाऱ्या मुलासाठी केवळ पित्याचेच नागरिकत्व पाहिले. घटनेने उदारपणे उघडलेले दार आईपुरते मिटले. भारतीय आईचे, पण परकीय बापाचे मूल वंशाने भारतीय ठरत नसे. १० डिसेंबर १९९२ पासून जन्मणाऱ्या मुलांस आईचाही आधार मिळाला. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र वर्षाच्या आत वकिलातीत जन्मनोंद आवश्यक झाली. मुदत टळल्यास केंद्र सरकारची परवानगी हवी.

भाषेला मातृभाषा म्हणणाऱ्या समाजास आईचा हा वारसा कायद्यात लिहावयास इतकी वर्षे लागावीत, याचे आम्हांस नवल वाटते. जयपुरात जन्मलेल्या आमच्या मुलांच्या नागरिकत्वाची चिंता नाही. त्यांच्या मराठीची आहे. तिची नोंद कोणतीही कचेरी घेत नाही. ती घरातच, आणि वेळेवर, व्हावयास हवी.