ब्यूटिफुल थिंग

ब्यूटिफुल थिंग : दोन किशोरवयीन मुलांच्या पहिल्या प्रेमावरील ब्रिटिश कथापट (1996). दिग्दर्शन हेटी मॅकडोनल्ड. पटकथा जॉनथन हार्वी, त्याच्याच 1993 मधील त्याच नावाच्या नाटकावरून. निर्मिती टोनी गार्नेट आणि बिल शॅप्टर. छायालेखन ख्रिस सीगर. संगीत जॉन ऑल्टमन. लांबी सुमारे दीड तास. प्रमुख भूमिका : ग्लेन बेरी (जेमी), स्कॉट नील (स्टी), लिंडा हेन्री (जेमीची आई सँड्रा), टमीका एम्पसन (लीया), बेन डॅनियल्स (सँड्राचा प्रियकर टोनी). मॅकडोनल्डचा हा पहिलाच चित्रपट. चॅनल फोर या दूरचित्रवाणी वाहिनीच्या पैशातून आणि मुळात छोट्या पडद्यासाठी तो तयार झाला. पण कान महोत्सवाच्या ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात झळकून तो चित्रपटगृहांत पोहोचला.

कथा आग्नेय लंडनमधील थेम्समीड या सरकारी वसाहतीत, कडक उन्हाळ्यात घडते. एकाच मजल्यावर तीन दारे शेजारी शेजारी. एका दारामागे पबमध्ये काम करणारी सँड्रा आणि तिचा मुलगा जेमी राहतात. दुसऱ्यामागे स्टी, त्याचा मारकुटा बाप आणि थोरला भाऊ. तिसऱ्यामागे शाळेने काढून टाकलेली लीया. तिचा दिवस ममा कॅस या गायिकेच्या रेकॉर्डी मोठ्याने लावण्यात जातो. जेमीला फुटबॉल जमत नाही, पीटीच्या तासाला तो पळ काढतो, वर्गातली मुले त्याची टिंगल करतात. स्टीला मैदानावर सगळे जमते, घरी मात्र त्याच्या पाठीवर वळ उठतात. एका रात्री मार असह्य झाल्यावर सँड्रा त्याला आपल्या घरी आणते. घर लहान, जादा खाट नाही. म्हणून दोन्ही मुलांनी जेमीच्याच पलंगावर, एकाच्या पायाशी दुसऱ्याचे डोके असे झोपायचे ठरते. प्रेम इथून सुरू होते, तेही अगदी हळू : वळांना चोळलेले पेपरमिंटचे लोशन, अंधारातले अडखळते प्रश्न, मग एक भित्रे चुंबन. स्टी दुसऱ्या दिवशी घाबरून अंग चोरतो आणि काही काळाने परत येतो. जेमी दुकानातून समलिंगी पुरुषांचे मासिक चोरतो, कारण ते गल्ल्यावर नेऊन ठेवण्याचे धैर्य त्याच्यात नाही. दोघे बिचकत ग्रिनिचच्या एका समलिंगी पबात जाऊन येतात. सँड्राला कळते. पुढे आदळआपट, रडारड, लीयाने घेतलेल्या नशेचा तमाशा. आणि शेवटी वसाहतीच्या अंगणात, भर दिवसा, सगळ्या शेजाऱ्यांदेखत दोन्ही मुले एकमेकांना धरून संथ नाचतात. बाजूला सँड्रा लीयाला घेऊन नाचू लागते.

हार्वीचा जन्म लिव्हरपूलचा, 1968 चा. नाटक लिहिले तेव्हा तो पंचविशीत होता आणि आग्नेय लंडनमध्ये शाळामास्तर होता. संवादांना मुलांच्या तोंडची धार आहे ती यामुळे असावी. नाटकाचा पहिला प्रयोग जुलै 1993 मध्ये बुश थिएटरमध्ये झाला. शेफर्ड्स बुश भागात एका पबच्या माडीवर असलेले हे चिमुकले नाट्यगृह तेव्हा नव्या लेखकांचे हक्काचे ठिकाण होते. दिग्दर्शन मॅकडोनल्डचेच, स्टीची भूमिका जॉनी ली मिलरने केली होती आणि टोनीची फिलिप ग्लेनिस्टरने. दोघेही पुढे नावारूपाला आले. नाटक 1994 मध्ये डॉनमार वेअरहाउस आणि नंतर वेस्ट एंडच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरपर्यंत पोहोचले. हार्वीला त्याबद्दल जॉन व्हायटिंग पुरस्कार मिळाला.

या तारखांकडे नीट पाहिले, तर नाटकाची आणि चित्रपटाची खरी खोच ध्यानात येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध 1967 च्या कायद्याने गुन्हा राहिले नाहीत, पण त्यासाठीचे संमतिवय 21 ठेवले गेले. स्त्रीपुरुष संबंधांसाठी ते 16 होते. फेब्रुवारी 1994 मध्ये, म्हणजे बुशमधला प्रयोग आणि वेस्ट एंडमधला प्रयोग यांच्या मधल्या काळात, हुजूर पक्षाच्या खासदार एडविना करी यांनी दोन्हींसाठी 16 हेच वय करावे अशी दुरुस्ती कॉमन्स सभागृहात मांडली. ती 280 विरुद्ध 307 मतांनी पडली. तडजोड म्हणून 18 वर्षे हा आकडा मंजूर झाला. शिवाय 1988 च्या स्थानिक शासन कायद्यातील कलम 28 लागू होतेच : नगरपालिकांनी समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ देऊ नये, त्यांच्या शाळांत तिला मान्य कुटुंबप्रकार म्हणून शिकवू नये, असा त्याचा आशय. या कलमाखाली कोणत्याही नगरपालिकेवर खटला चालून शिक्षा झाली नाही. त्याचे काम धाकाने झाले. शिक्षक गप्प बसले. जेमी ज्या शाळेतून पळतो, त्या शाळेत त्याच्याशी या विषयावर बोलणारे कोणी नाही, याचे कारण या कलमात शोधता येते.

संमतिवय कमी करण्याला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत आवडता युक्तिवाद असा, की कोवळ्या मुलांना वयाने मोठे पुरुष फूस लावतील, म्हणून कायद्याने त्यांना जपले पाहिजे. हार्वीने या युक्तिवादाला भाषणाने उत्तर दिलेले नाही. त्याने कथेतून तो मोठा पुरुषच काढून टाकला. येथे कोणी कोणाला फूस लावत नाही. दोघे एका वयाचे, एका मजल्यावरचे, एका शाळेतले. त्यांना जपायचेच असेल तर ते बापाच्या हातापासून आणि वर्गमित्रांच्या तोंडापासून, आणि त्या दोन्ही बाबतींत कायदा काही करताना दिसत नाही. नाटकात राजकारण नाही असे त्या वेळी काहींना वाटले. पात्रयादीतच ते होते.

सुखान्ताचा मुद्दाही याच अंगाने पाहावा लागतो. समलिंगी पात्राने चित्रपटाच्या अखेरीस जीव द्यावा, बदनाम व्हावे किंवा निदान एकटे उरावे, हा दीर्घकाळचा रिवाज होता. ज्या ‘व्हिक्टिम’ (1961) या चित्रपटाने ब्रिटनमध्ये या विषयाला वाचा फोडली, त्यातही एका तरुणाची आत्महत्या हेच कथेचे इंधन आहे. ऐंशीच्या दशकात एड्सने या रिवाजाला वास्तवाचे भीषण पाठबळ दिले. हार्वीच्या कथेत त्या साथीची छाया मध्यभागी येत नाही, आणि म्हणून तिला ‘शहरी परीकथा’ म्हटले गेले; जाहिरातीनेही तेच बिरुद मिरवले. हा शब्द कौतुकाचा की तक्रारीचा, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून. परीकथेचा आक्षेप अखेरच्या नाचापुरता खरा आहे. त्याआधीचा सव्वा तास मात्र भाडे, मार, नोकरी आणि पातळ भिंतींनी भरलेला आहे.

थेम्समीड ही या चित्रपटातली निव्वळ पार्श्वभूमी नाही. वुलिचजवळच्या थेम्सकाठच्या दलदलीवर बृहन्लंडन परिषदेने 1960 नंतरच्या दशकात ही काँक्रीटची नवी वस्ती उभारायला घेतली. पहिली कुटुंबे 1968 मध्ये राहायला आली. 1953 च्या महापुराची आठवण ताजी असल्याने तळमजल्यावर राहत्या खोल्या ठेवल्या नाहीत आणि इमारती उंचावरच्या पायवाटांनी एकमेकींना जोडल्या. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळी आणि कालवे खोदले. उद्याचे नगर म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, त्याच्याच तळ्याकाठी स्टॅन्ली क्युब्रिकने ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (1971) मधली हिंसक टोळी फिरवली आणि थेम्समीड म्हणजे भकास भविष्य हे समीकरण पक्के झाले. मॅकडोनल्ड आणि सीगर यांनी तीच वस्ती उन्हात धरली. रंगीत दारे, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, उघड्या खिडक्यांतून येणारी गाणी. घरांपुढच्या त्या सामाईक वाटा चाळीच्या गॅलरीसारख्या वापरल्या आहेत : तिथे बसून केस वाळवायचे, भांडायचे, दुसऱ्याच्या घरात काय चालले आहे ते ऐकायचे. एकांत नसलेल्या जागी गुपित जपायचे हा ताण चित्रपट सतत जागा ठेवतो. नाटकात दिसत होती फक्त तीन दारे. कॅमेऱ्याने त्यांच्याभोवती अख्खी वस्ती उभी केली. रूपांतराचा हा सर्वांत मोठा फायदा.

निर्माता गार्नेट याचे नाव येथे महत्त्वाचे आहे. केन लोचबरोबर ‘कॅथी कम होम’ (1966) आणि ‘केस’ (1969) त्याने केले. कामगारवर्गाचे जगणे विनाआडपडदा दाखवणारी ब्रिटिश परंपरा ज्यांनी घडवली, त्यांतला तो एक. ‘केस’मधला फुटबॉलचा तास, क्रूर मास्तर आणि काकडणारा पोरगा बिली, ज्यांनी पाहिला आहे त्यांना ‘ब्यूटिफुल थिंग’ मैदानावरच सुरू होतो हे पाहून काहीतरी आठवेल. फरक इतकाच, की बिलीला त्या मैदानातून सुटका नाही आणि जेमी सरळ घरी निघून जातो. चॅनल फोरचाही एक वारसा होता. पाकिस्तानी वंशाचा ओमर आणि गोरा जॉनी यांच्या प्रेमाची कथा सांगणारा, हनीफ कुरेशीने लिहिलेला ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ (1985) याच वाहिनीने पोसला होता आणि तोही टीव्हीसाठी बनून चित्रपटगृहांत गेला होता.

अभिनयाच्या बाजूने पाहता चित्रपट लिंडा हेन्रीचा आहे, असे म्हणणे मुलांवर फारसे अन्यायाचे होणार नाही. सँड्रा ही प्रेमळ आईच्या साच्यात बसत नाही. ती फटकळ आहे, प्रसंगी मुलावर हात उगारते, वयाने लहान अशा टोनीला घरात ठेवते, त्याच्या उदार विचारांना मनातल्या मनात हसते आणि स्वतःचा पब चालवायला मिळावा म्हणून धडपडते. मुलाचे सत्य कळल्यावर तिचा पहिला प्रश्न स्वतःविषयीचा असतो : आपले काय चुकले? ती चटकन स्वीकारत नाही आणि झिडकारतही नाही. तिला भीती वाटते ती बाहेरच्या जगाची, कारण ते जग तिला पुरते ठाऊक आहे. बेरी आणि नील यांचा अभिनय काही ठिकाणी कच्चा वाटतो, पण तो कच्चेपणा त्या वयाला शोभतो. शेजारीण लीया नाटकात गोऱ्या अभिनेत्रीने केली होती. चित्रपटात ती कृष्णवर्णीय आहे. मात्र या बदलाचे पडसाद संहितेत फारसे उमटलेले नाहीत. नव्वदच्या दशकारंभी आग्नेय लंडन वर्णद्वेषी हल्ल्यांसाठी कुप्रसिद्ध होते, हे ध्यानात घेता ही या चित्रपटातली खरी उणीव. परीकथेचा आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यावा.

गाणी जवळजवळ सगळी ‘द ममाज अँड द पापाज’ या साठच्या दशकातल्या अमेरिकी गटाची आणि त्यातली गायिका कॅस एलियट, म्हणजेच ममा कॅस, हिची स्वतंत्र. देहाच्या आकारावरून आयुष्यभर हिणवली गेलेली ही बाई 1974 मध्ये लंडनमध्येच, अवघ्या 32 व्या वर्षी वारली. लीयाला तिचे वेड का, हे यातून उमगते. त्याहून व्यवहारी लाभ असा, की ही गाणी 1996 मध्येही जुनीच होती. तेव्हाचे नाचगाणे वापरले असते तर चित्रपट पाचदहा वर्षांत शिळा झाला असता. ‘ड्रीम अ लिट्ल ड्रीम ऑफ मी’ हे शेवटच्या नाचाचे गाणे तर मुळात 1930 च्या सुमाराचे.

अमेरिकेत सोनी पिक्चर्स क्लासिक्सने चित्रपट 1996 मध्येच वितरित केला. व्हिडिओ आणि पुढे डीव्हीडीमुळे त्याचा खरा प्रेक्षक घराघरांत, पुष्कळदा दार लावून, तयार झाला. त्याच धर्तीचा ‘गेट रिअल’ (1998) हाही 1993 च्या एका नाटकावरून निघालेला ब्रिटिश चित्रपट. त्यात वसाहतीऐवजी मध्यमवर्गीय उपनगर आहे आणि अखेर कडूगोड आहे. ‘हार्टस्टॉपर’ (2022 पासून) ही मालिका शाळकरी समलिंगी प्रेमाचा आनंद आज निःसंकोच दाखवते. तिच्यात शिक्षक बाजूने उभे राहू शकतात, जेमीच्या शाळेत ते शक्य नव्हते.

कायदा सावकाश बदलला. मानवाधिकारांच्या युरोपीय आयोगाने 1997 मध्ये विषम संमतिवय हा भेदभाव ठरवला. लॉर्ड्स सभागृहाने पुन्हा पुन्हा अडवल्यामुळे सरकारला पार्लमेंट ॲक्टचा आधार घेऊन 2000 मध्ये कायदा करावा लागला आणि जानेवारी 2001 पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये सर्वांसाठी 16 हे वय झाले. कलम 28 स्कॉटलंडमध्ये 2000 साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये 2003 साली गेले.

हार्वीने पुढे ‘गिमी गिमी गिमी’ ही विनोदी मालिका लिहिली आणि ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या दीर्घ मालिकेच्या लेखकांत तो सामील झाला. मॅकडोनल्डने ‘डॉक्टर हू’चा गाजलेला ‘ब्लिंक’ (2007) हा भाग आणि ‘नॉर्मल पीपल’चा (2020) उत्तरार्ध दिग्दर्शित केला. लिंडा हेन्री आणि टमीका एम्पसन या दोघी ‘ईस्टएंडर्स’ मालिकेतून घरोघरी पोहोचल्या. मूळ नाटकाचे प्रयोग अजून होतात. 2013 मध्ये, वीस वर्षे झाल्यानिमित्त, लंडनच्या आर्ट्स थिएटरमध्ये सुरॅन जोन्स सँड्रा झाली होती. थेम्समीडचा ताबा 2014 मध्ये पीबडी या गृहनिर्माण संस्थेकडे गेला, 2022 पासून शेजारच्या ॲबी वुडपर्यंत एलिझाबेथ मार्गिकेच्या गाड्या धावतात, आणि तळ्याकाठच्या जुन्या काँक्रीट इमारतींपैकी काही पाडून नवी घरे उभी राहत आहेत.