दूरचा नेम आणि १८५७

१८५७ च्या कारणांची चर्चा बहुधा चरबीच्या काडतुसापाशी येऊन थांबते. त्या काडतुसामागे नेमबाजीची एक नवी विद्या होती, तिची दखल क्वचितच घेतली जाते. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीने शंभर यार्डांपलीकडचा माणूस टिपणे हे बरेचसे दैवाधीन असे. म्हणून शिपायाला नेमापेक्षा बंदूक जलद भरण्याचेच शिक्षण अधिक मिळे. एनफील्ड रायफलीच्या नळीतील पेचदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत कितीतरी दूर अचूक जाऊ लागली. पण दूर जाणारी गोळी वाटेत खाली येते. अंतराचा अंदाज चुकला की नेमही चुकतो. त्यामुळे इंग्लंडमधील हाइथ येथे १८५३ साली निघालेल्या शाळेत नुसत्या नजरेने अंतर ओळखण्याचा कसून सराव घेतला जाई.

हीच विद्या १८५७ च्या प्रारंभी दमदम, अंबाला व सियालकोट येथे हिंदी शिपायांना शिकवली जाऊ लागली, आणि तेथेच अविश्वासाने पेट घेतला. उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी पलटणींसाठी दिसायला एनफील्डसारखीच, परंतु आतून खाचा नसलेली बंदूक काढली. शिपायाच्या हाती शस्त्र राहिले; दूरचा नेम मात्र राज्यकर्त्यांनी स्वतःकडे ठेवला.