वायनाडचे सोने आणि कोलारचे सोने

सोन्याचा भाव चढला की बंद पडलेल्या खाणींची आठवण निघतेच. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला, तेव्हाही तसेच झाले. 'तिथे पूर्वी सोने निघत होते, अजूनही असणारच. शेअर स्वस्त आहे तोवर घेऊन ठेवा,' असा सल्ला कुणी दिला की तो चटकन पटतो. पण 'पूर्वी निघत होते' हा पुरावा कितपत भरवशाचा? याचे उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. जवळजवळ एकाच वेळी लोकांनी दोन जुन्या सोनेरी टापूंत पैसे घातले. एक वायनाड, दुसरा कोलार.

आधी वायनाड पाहू. त्यातला सोन्याचा टापू आज तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात, गुडलूर-पंडलूरच्या बाजूला आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढत. डोंगरात गारगोटीच्या शिरा होत्या आणि त्यांवर कुणी तरी पूर्वी खणलेले खड्डेही होते. सरकारने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातले अनुभवी अधिकारी रॉबर्ट ब्रो स्मिथ यांना पाहणीसाठी बोलावले. १८८० मध्ये त्यांचा आशादायक अहवाल आला आणि लंडनच्या बाजारात एकच झुंबड उडाली. पाहता पाहता तीसहून अधिक कंपन्या निघाल्या. त्यांचे कागदावरचे भांडवल ४० लाख पौंडांच्या घरात गेले.

याच सुमारास वायनाडचे कॉफीचे मळे रोगाने खंगले होते. मळेवाल्यांनी आपल्या जमिनी चढ्या भावाने सोन्याच्या कंपन्यांना विकल्या. भागधारकांचा बराचसा पैसा खाण खोल जाण्याआधीच जमीन विकणाऱ्यांच्या खिशात गेला. नंतर यंत्रे आली, दगड कुटला गेला, आणि हाती आलेले सोने खर्चाच्या पासंगालाही पुरेना. दोन-तीन वर्षांत बहुतेक कंपन्यांचा गाशा गुंडाळला गेला.

आता कोलारकडे वळू. तिथेही जुने खड्डे होते आणि गावकरी सोने काढत होते. लेफ्टनंट जॉन वॉरन याने १८०२ मध्ये त्याची नोंद केली होती. मायकेल लॅव्हेल नावाच्या निवृत्त सैनिकाने १८७३ मध्ये म्हैसूर संस्थानाकडे खाणीचा परवाना मागितला. १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही पेढी कारभारात आली. पण सुरुवात वायनाडसारखीच निराशेची झाली. भांडवल संपत आले आणि उरलेले पैसे परत वाटून टाकावेत, अशी मागणी भागधारकांतून होऊ लागली. तेवढ्यात कॅप्टन प्लमर या खाणतज्ज्ञाने जुन्या लोकांनी खणले होते त्याच्याही खाली जाऊन पाहिले. तिथे चॅम्पियन शीर लागली. पुढच्या शंभराहून अधिक वर्षांत कोलारने सुमारे ८०० टन सोने दिले.

श्रोतेहो, जुन्या खुणा दोन्ही ठिकाणी होत्या. म्हणजे खुणांवरून निवाडा करता येत नव्हता. 'धीर धरला तो जिंकला' असेही म्हणता येत नाही, कारण वायनाडमध्ये धीर धरणाराही बुडालाच. फरक खाली किती सोने आहे यात होता, आणि ते प्रत्यक्ष खाली जाऊन तपासल्याशिवाय कळत नव्हते.

वरच्या थराचा नमुना फसवतो, याला कारण आहे. पृष्ठभागाजवळ ऊन-पाऊस आणि हवा यांनी दगड कुजतो, त्यातली गंधकयुक्त खनिजे विरघळून जातात आणि सोन्याचे कण मोकळे होतात. खाली तेच सोने खनिजात अडकलेले असते, म्हणून सहजी निघत नाही. शिवाय चमकणारा तुकडा निवडून तपासला तर आकडा मोठा येणारच.

म्हणून छोट्या गुंतवणूकदाराने चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, जुन्या खड्ड्यांच्या खाली छिद्रे पाडून दगडाचे नमुने काढले आहेत का, आणि त्यांची तपासणी त्रयस्थाने केली आहे का? कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियात प्रचंड साठा सापडल्याचे सांगितले होते. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणी झाली तेव्हा नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे उघड झाले आणि हजारोंची पुंजी बुडाली.

दुसरी, टनामागे किती ग्रॅम? दहा लाख टन दगडात टनामागे दोन ग्रॅम सोने असेल तर ते दोन टन होते. ऐकायला छान वाटते. पण दहा ग्रॅमच्या एका दागिन्यासाठी पाच टन दगड खणून, वर आणून, दळावा लागतो. तिसरी, जाहीर केलेला साठा नुसता अंदाज आहे, की खर्च वजा जाता नफ्यात काढता येईल असा? अहवालात 'रिसोर्स' आणि 'रिझर्व्ह' असे दोन शब्द असतात. त्यातला दुसरा खर्चाचा हिशेब झाल्यावरच वापरायचा असतो. चौथी, आपला पैसा छिद्रे पाडण्यात जाणार, की जमीन विकणाऱ्याला आणि प्रवर्तकांना? कंपनी दर वर्षी नवे शेअर काढत असेल, तर आपला वाटाही दर वर्षी पातळ होत जातो.

जुनी खाण पुन्हा तपासण्यात काही वावगे नाही. १८८७ मध्ये ग्लासगोत सायनाइडची पद्धत निघाली, तेव्हा टाकून दिलेल्या चोथ्यातूनही सोने काढता येऊ लागले. नवे तंत्र, वाढलेला भाव किंवा न तपासलेली खोली, यांतले एखादे कारण हवे. नुसते जुने नाव पुरत नाही.

कोलारचा शेवट हेच सांगतो. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. खाली सोने अजिबात उरले नव्हते, असे नाही. सुरुवातीला टनामागे भरघोस मिळणारे सोने तीन-चार ग्रॅमवर आले होते आणि तेवढ्यासाठी इतक्या खोल उतरणे परवडत नव्हते. हजारो कामगारांची घरे त्या खाणीवर चालत होती. तेव्हा कुणी जुन्या खाणीचे नाव सांगून शेअर सुचवला, तर ती बंद का पडली होती, हे आधी विचारा. त्याचे नीट उत्तर मिळाल्यावरच खिशात हात घाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)