दोन मिनिटांचा निरोप्या

घास पोटात उतरला की आतडे स्वादुपिंडाला निरोप धाडते: साखर येते आहे, इन्सुलिन सोडा. आतड्याचा असा पहिला निरोप्या, सिक्रेटिन, बेलिस आणि स्टार्लिंग यांना १९०२ साली लंडनमध्ये सापडला. इन्सुलिनचा निरोप नेणारा जीएलपी-१ जेमतेम दोन मिनिटे टिकतो. डीपीपी-४ नावाचे विकर त्याला कापते. उरल्यासुरल्याचा निचरा मूत्रपिंडे करतात. जेवण सरले की निरोपही सरावा, ही देहाची शिस्त.

मधुमेहात मात्र ही कात्री थोपवावी लागते. तशी पहिली गोळी, सिटाग्लिप्टिन, २००६ साली अमेरिकेत आली. २०१५ मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने त्याच जातीची टेनेलिग्लिप्टिन स्वस्तात आणली. २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचे पेटंट भारतात संपले, भाव उतरले. वणी-पुसदच्या कापूसवाल्याला गोळी परवडली, तरच लंडनचा तो शोध त्याच्यापर्यंत पोहोचला म्हणायचा.