अंतर किलोमीटरमध्ये मोजावे की तासांमध्ये?

लिस्बन आणि हेलसिंकी ही युरोपच्या दोन टोकांची शहरे. त्यांच्यातील हवाई अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर, विमानाचा वेळ साडेचार-पाच तास. मुंबई ते जेद्दा हे अंतरही जवळपास तेवढेच. रायगडच्या किनाऱ्यावरून हजला जाणाऱ्या आधीच्या पिढ्या मात्र मुंबईहून बोटीत बसत आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त, समुद्रावर काढत. हजच्या बोटी १९९५ पर्यंत चालू होत्या. अंतर तेच राहिले, दिवसांचे तास झाले.

घराजवळचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. भाऊचा धक्का ते मांडवा हे अंतर समुद्रातून वीस किलोमीटरच्या आत आहे. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घातला की तेच शंभराच्या वर जाते. म्हणून आपल्या लोकांची मुंबई पाण्याने जवळ होती. बोटीचे वेळापत्रक तेच गावाचे घड्याळ.

या जवळिकीची किंमतही मोजावी लागली. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' बोट रेवसला निघाली. गटारी अमावास्येचे दिवस, घरी जाणाऱ्यांची गर्दी. प्रवास जेमतेम दीड तासाचा. काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबई काही मैलांवर, पण तिथे बातमी पोहोचायला दुपार उलटली. तोवर कोळ्यांच्या होड्यांनी जमेल तितक्यांना पाण्याबाहेर काढले होते. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला आणि त्या धामधुमीत हा शोक किनाऱ्यापुरताच उरला.

म्हसळा तालुक्यातील आंबेतचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच काळात मिळाले. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग आणि धरमतर खाडीवर रेवस-करंजा पूल हे त्यांचे स्वप्न. खाडीपलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण गाडीने जायचे तर मोठा फेरा पडतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही तो पूल चाळीस वर्षे कागदावरच राहिला.

२०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट तासाभरात पलीकडे जाता येऊ लागले. जानेवारी २०२४ मध्ये जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याचे दोन्हींचे स्वागतच आहे. पण मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या माणसाला रात्री मुंबईचे मोठे रुग्णालय गाठायचे असेल, तर त्याचे तास किती कमी झाले? विकास मोजताना पुलाच्या लांबीबरोबर हाही आकडा विचारायला हवा. नकाशावरचे अंतर सर्वांना सारखेच असते, वाटेत जाणारा वेळ मात्र सारखा नसतो.