शिवणारे हात आणि विकणारी नावे

तयार सदरा घेताना आपण कापड पाहतो, शिवण पाहतो, भाव करतो. तो शिवला कोणी, हे विचारीत नाही. विचारले तरी दुकानदाराला सांगता यायचे नाही. कॉलरमागे ज्या कंपनीचे नाव असते, तिचा स्वतःचा कारखाना बहुधा नसतोच. ती नमुना देते, भाव ठरविते आणि दूरदेशीच्या कारखानदाराकडून माल शिवून घेते.

१९९१ साली अमेरिकेतील लेव्ही स्ट्राउस कंपनीने आपल्या पुरवठादारांसाठी कामगारांविषयीचे नियम लिहून काढले. इतरांनी तोच कित्ता गिरविला. तपासनीस जाऊ लागले. पण पूर्वी दिपोटीसाहेब येणार म्हटले की आदल्या दिवशी शाळेच्या भिंतींना चुना लागायचा, हे शिक्षकबंधूंना मी काय सांगावे!

२४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा नावाची आठमजली इमारत होती. तिला आदल्या दिवशीच तडे गेलेले. खालच्या बँकेने आपली माणसे घरी धाडली. शिवणकामगारांना मात्र सकाळी पुन्हा आत घातले. त्यांत बायाच अधिक. पगार बुडेल ही धास्ती. नऊच्या सुमारास इमारत कोसळली आणि १,१३४ जीव गेले. तिच्यातल्या काही कारखान्यांची तपासणी पूर्वी झालेली होती. इमारतीची मजबुती मात्र त्या तपासणीत बसत नव्हती.

पुढच्याच महिन्यात ‘ॲकॉर्ड’ नावाचा करार झाला. एका बाजूला कपड्यांच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना. माझ्या मते यातले मोठे कलम एकच: हा करार कायद्याने बांधणारा होता. दोनशेंहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या, सुमारे १,६०० कारखाने तपासले गेले, आणि अहवाल सर्वांसाठी छापले गेले. दुरुस्तीला पैसा उभा राहील हे पाहणे खरेदीदारावर आले. जो कारखानदार ऐकेना, त्याचे काम सह्या करणाऱ्या सगळ्याच कंपन्यांनी थांबवायचे. खरेदीदार कंपनीनेच टाळाटाळ केली तर लवाद. २०१८ साली अशाच एका तंट्यात एका कंपनीने २३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले. आणि धोका दिसला तर आत न जाण्याचा हक्क कामगाराला मिळाला. त्या सकाळी साभारच्या बायांपाशी तेवढेच नव्हते.

२०२३ साली पाकिस्तानातही असा करार लागू झाला. मजुरी मात्र ॲकॉर्डमध्ये नव्हती. त्याच वर्षी बांगलादेशात शिवणकामगारांनी महिना २३,००० टका किमान वेतन मागितले. सरकारने १२,५०० ठरविले.